वाऱ्याचे मळसूत्र

वादळाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात: वाऱ्याचा वेग किती होता आणि पाऊस किती मिलिमीटर पडला. हवामानाची थोडी अधिक गोडी असलेला माणूस त्यात तिसरा प्रश्न घालतो, की वातावरणात ऊर्जा किती साठली होती. वारा जमिनीपासून वर जाताना कोणत्या बाजूला आणि किती वळत होता, हा प्रश्न मात्र वर्तमानपत्रांत सहसा येत नाही आणि गप्पांतही नाही. द्रवगतिशास्त्र शिकताना या चौथ्या प्रश्नाने मला जे पकडले ते अजून सोडलेले नाही, कारण त्याच्या उत्तरासाठी जी राशी मोजावी लागते तिचे, म्हणजे हेलिसिटीचे, स्वरूप वेग आणि ऊर्जा यांच्यापेक्षा मुळातच वेगळे आहे. वाऱ्याच्या हालचालीला डावे-उजवेपण असते आणि हेलिसिटी ते मोजते.

ठाण्यात पावसाळ्यात आकाशाकडे जरा लक्षपूर्वक पाहिले तर या विषयाचा निम्मा कच्चा माल डोळ्यांसमोर असतो. येऊरच्या डोंगरावरून उतरलेले काळपट ढगांचे विरळ पुंजके कळवा-मुंब्र्याच्या दिशेने, म्हणजे पूर्वेला, वेगाने धावत असतात. मध्येच उघडीप मिळाली तर त्यांच्या कितीतरी वर पांढरे तंतुमेघ नेमके उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे, सावकाश सरकताना दिसतात. खालचा प्रवाह हा मोसमी पश्चिमी झोत. सुमारे दीड किलोमीटर उंचीवरचा त्याचा गाभा पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी १९६६ मध्ये द्वीपकल्पावरील नोंदींतून दाखवून दिला. वरचा प्रवाह हा चौदा-सोळा किलोमीटर उंचीवरचा उष्णकटिबंधीय पूर्वी झोत, आणि त्याची ओळख प्रामुख्याने पी. कोटेश्वरम यांच्या १९५८ च्या अभ्यासाने झाली. खाली पश्चिमेचा वारा आणि वर पूर्वेचा, म्हणजे या हवेत भरपूर हेलिसिटी असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे असेलच असे नाही, आणि ते का, हे समजले की हेलिसिटीची संकल्पना बरीचशी समजली असे मी मानतो.

हवेचा लहानसा भाग पुढे सरकत असतानाच स्वतःभोवतीही फिरत असतो. या फिरण्याला एक अक्ष असतो, आणि त्याचा जोर व दिशा मिळून जी सदिश राशी होते तिला व्होर्टिसिटी म्हणतात. वाऱ्याचा वेग हीसुद्धा सदिश राशीच. या दोहोंचा अदिश गुणाकार म्हणजे त्या ठिकाणची हेलिसिटी घनता, आणि हवेच्या संपूर्ण आकारमानावर तिची बेरीज केली की एकूण हेलिसिटी मिळते. फिरण्याचा अक्ष वाऱ्याच्या दिशेला काटकोनात असेल तर गुणाकार शून्य येतो. अक्ष वाऱ्याच्या दिशेतच असेल तर तो जास्तीत जास्त येतो, आणि हवा मळसूत्रासारखी, फिरत फिरत पुढे सरकते. मळसूत्र उजवे की डावे हे चिन्ह सांगते: उजवे असेल तर धन, डावे असेल तर ऋण. आरशात पाहिले तर वेग आणि ऊर्जा तेवढीच राहते, हेलिसिटीचे चिन्ह मात्र उलटते.

आता पश्चिमेचा वारा घ्यावा, जो उंचीबरोबर नुसता बदलत जातो: आधी वाढतो, मग मंदावतो, थांबतो आणि शेवटी उलटून पूर्वेचा होतो. या सगळ्यात तो पूर्व-पश्चिम रेषा सोडत नाही. अशा हवेत व्होर्टिसिटी भरपूर असते, पण तिचा अक्ष सतत उत्तर-दक्षिण, वाऱ्याला आडवा पडलेला असतो, त्यामुळे हेलिसिटी शून्यच राहते. पश्चिमेचा वारा पूर्वेचा होताना वायव्य, उत्तर, ईशान्य अशा टप्प्यांनी किंवा नैऋत्य, दक्षिण, आग्नेय अशा टप्प्यांनी वळत गेला तरच गुणाकार शून्यापासून हलतो. म्हणून ठाण्याच्या आकाशात दोन थरांचे ढग विरुद्ध दिशांना जाताना दिसले, तरी त्यांच्या मधल्या थरांत वारा कसा वळतो हे कळल्याशिवाय हेलिसिटीबद्दल काहीही बोलता येत नाही. मधल्या थरांत ढग दिसत नसतील तर फुगा सोडूनच ते कळते.

या राशीचे खरे महत्त्व तिच्या टिकाऊपणात आहे. हवेचा चिकटपणा नगण्य मानला, घनता केवळ दाबावर अवलंबून आहे असे धरले आणि बाहेरची बले गुरुत्वाकर्षणासारखी असली, तर एकूण हेलिसिटी काळानुसार बदलत नाही. हा नियम फ्रान्समध्ये जाँ-जाक मोरो यांनी १९६१ मध्ये मांडला आणि केंब्रिजच्या कीथ मॉफट यांनी १९६९ मध्ये स्वतंत्रपणे तो सिद्ध करून त्याचा भौमितिक अर्थ उलगडला. दोन भोवऱ्यांची कडी साखळीतील दुव्यांसारखी एकमेकांत एकदाच अडकलेली असतील, तर त्या जोडीची हेलिसिटी दोन्ही भोवऱ्यांच्या अभिसरणांच्या, म्हणजे कड्याभोवतीच्या फिरण्याच्या जोराच्या मापांच्या, गुणाकाराच्या दुप्पट असते; चिन्ह धन की ऋण ते अडकण्याच्या हातावर ठरते. कडी वेगळी असतील तर ती शून्य. म्हणजे हेलिसिटी ही भोवऱ्यांच्या रेषा एकमेकींत किती गुंतल्या आहेत याची मोजणी आहे, आणि आदर्श प्रवाहात या रेषा तुटत नसल्यामुळे हा गुंता सुटू शकत नाही.

खऱ्या प्रवाहात त्या तुटतात आणि पुन्हा जुळतात. शिकागो विद्यापीठात डस्टिन क्लेकनर आणि विल्यम अर्विन यांनी २०१३ मध्ये त्रिमितीय छपाईने घडवलेली, विशिष्ट वळणाची पाती पाण्यातून झटक्याने ओढून गाठ मारलेले भोवरे प्रत्यक्ष तयार केले, आणि बारीक बुडबुड्यांच्या साहाय्याने त्यांची चित्रे टिपली. गाठी काही काळात आपोआप सुटत गेल्या. पुढच्याच वर्षी त्याच गटाने दाखवले, की गाठ सुटताना तिच्यातील गुंतलेपण मोठ्या अंशी नाहीसे होत नाही, तर ते भोवऱ्याच्या नळीच्या वेटोळ्यांत जाते. केल्विनने १८६७ मध्ये अणू म्हणजे ईथरमधील गाठी मारलेले भोवरे असावेत अशी कल्पना मांडली होती. ती अणूंच्या बाबतीत टिकली नाही, पण तिने प्रवाहांकडे पाहण्याची जी दृष्टी दिली ती दीड शतकाने प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या टाकीत उपयोगी पडली, याचे मला फार अप्रूप वाटते.

वातावरण अर्थातच त्या आदर्श अटी पाळत नाही. तापलेली हवा हलकी होऊन वर उठते, जमिनीशी घर्षण होते, बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, आणि या प्रत्येक घडामोडीत हेलिसिटी निर्माण होते किंवा नष्ट होते. त्यातही पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे हे सर्वांत सार्वत्रिक कारण आहे, कारण त्यामुळे डावे आणि उजवे यांतील समानता मुळातच मोडते. ठाण्याच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १९.२ अंश उत्तरेला, या फिरण्याचा वाऱ्यावरील परिणाम मोजणारा कोरिओलिस गुणांक सेकंदाला ०.००००४८ इतका लहान आहे. तरीही घर्षणाच्या थरात त्याचा परिणाम स्पष्ट होतो. जमिनीजवळ घर्षणाने वारा मंदावतो आणि कमी दाबाच्या बाजूला झुकतो. वर जावे तसे घर्षण कमी होते आणि उत्तर गोलार्धात तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळत जातो. व्हाग्न एकमन यांनी १९०५ मध्ये समुद्राच्या प्रवाहांसाठी मांडलेली सर्पिल रचना हवेलाही लागू पडते, आणि ती धन हेलिसिटीची रचना आहे.

हे स्वतः पाहता येते. ऐरोलीच्या खाडीकाठी किंवा नेरुळला पाम बीच रस्त्यालगत, जिथे पश्चिमेला खाडीचा मोकळा विस्तार आहे, तिथे पावसाळी वाऱ्याच्या दिवशी वारा ज्या बाजूने येत आहे तिकडे तोंड करून उभे राहावे. एखादा झेंडा किंवा गवताची पाती पाहून दिशा नक्की करावी आणि मग मान वर करून सर्वांत खालचे ढग कुठून येतात ते पाहावे. ते समोरून न येता थोडे उजव्या हाताकडून येताना दिसले, तर हवा उंचीबरोबर घड्याळाच्या दिशेने वळत आहे, आणि या थरातील हेलिसिटी धन आहे. वारा साधारण सेकंदाला १० मीटर असेल आणि एक किलोमीटर उंचीपर्यंत तो वीस अंशांनी वळत असेल, तर त्या थराची जमिनीसापेक्ष हेलिसिटी सुमारे ३५ चौरस मीटर प्रति चौरस सेकंद येते. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याची तुलना करायची आहे. घोडबंदर रस्त्यालगत, येऊरच्या पायथ्याशी किंवा पारसिकच्या डोंगराच्या आडोशाला हे निरीक्षण करू नये. तिथे डोंगराच्या पाठीमागे सुटणारे भोवरे जमिनीवरच्या वाऱ्याची दिशा क्षणाक्षणाला फिरवतात आणि त्यातून मूळ वळण ओळखता येत नाही.

एक गोष्ट मला विशेष सुंदर वाटते. उत्तर गोलार्धात कमी दाबाच्या केंद्राभोवती हवा घड्याळाच्या उलट फिरते, आत ओढली जाते आणि वर चढते. जास्त दाबाच्या केंद्राभोवती ती घड्याळाच्या दिशेने फिरते, बाहेर फेकली जाते आणि खाली उतरते. फिरण्याची दिशा उलट आणि चढण्या-उतरण्याची दिशाही उलट, त्यामुळे गुणाकाराचे चिन्ह दोन्हीकडे धनच राहते. जमिनीलगतच्या थरात आवर्त आणि प्रत्यावर्त ही अशी एकाच हाताची मळसूत्रे आहेत, आणि दक्षिण गोलार्धात दोन्ही दुसऱ्या हाताची.

गडगडाटी वादळांच्या अंदाजात हेलिसिटीला व्यावहारिक स्थान मिळाले ते १९८० च्या दशकात. रॉबर्ट डेव्हिस-जोन्स यांनी १९८४ मध्ये दाखवले, की उंचीबरोबर वारा वळत असेल आणि वादळाकडे येणाऱ्या हवेचा आडवा फिरण्याचा अक्ष तिच्याच प्रवाहाच्या दिशेत असेल, तर ती हवा ऊर्ध्वप्रवाहात, म्हणजे ढगातल्या वर चढणाऱ्या झोतात, शिरून वर उचलली जाताना तो अक्षही उभा होतो आणि संपूर्ण ऊर्ध्वप्रवाह फिरू लागतो. अक्ष प्रवाहाला आडवा असेल तर वर उचलल्यावर परस्परविरुद्ध फिरणाऱ्या भोवऱ्यांची जोडी तयार होते आणि ऊर्ध्वप्रवाहाच्या गाभ्याला स्वतःचे असे फिरणे मिळत नाही. यातून वादळ-सापेक्ष हेलिसिटी हा मोजण्याजोगा आकडा निघाला. त्यात प्रत्येक उंचीवरच्या वाऱ्यातून वादळाच्या स्वतःच्या सरकण्याचा वेग वजा करतात, उरलेल्या बाणांची टोके कागदावर जोडतात, आणि त्या बाणांनी झाडलेल्या क्षेत्रफळाची दुप्पट घेतात.

एक उदाहरण करून पाहू. वादळाच्या दृष्टीने जमिनीवर दक्षिणेचा १० मीटर प्रति सेकंद वारा आहे आणि तीन किलोमीटरवर पश्चिमेचा तितक्याच वेगाचा. मधल्या थरांत बाणाची टोके सरळ रेषेत सरकत गेली, तर त्रिकोणाचे क्षेत्रफळ ५० आणि हेलिसिटी १००. पण वेग कायम राहून वारा दक्षिणेकडून नैऋत्येला आणि तिथून पश्चिमेला एकसारखा वळत गेला, तर टोके वर्तुळाच्या कमानीवरून जातात, क्षेत्रफळ पाव वर्तुळाचे होते आणि हेलिसिटी सुमारे १५७ भरते. दोन्हीकडे तळाचा वारा तोच आणि वरचाही तोच. फरक केवळ वाटेतल्या वळणाचा. हा फरक निर्णायक ठरू शकतो, कारण खालच्या तीन किलोमीटरांत १५० च्या पुढची हेलिसिटी ही फिरत्या महावादळांना, म्हणजे सुपरसेलना, अनुकूल मानली जाते आणि ३०० च्या आसपास व त्यापुढे चक्रवातांची, म्हणजे टोर्नेडोंची, धास्ती वाढते. हे उंबरठे अमेरिकेतील मैदानांवरच्या अनुभवातून आले आहेत, त्यामुळे ते आपल्याकडे जसेच्या तसे लागू करताना सावध राहावे. खाडीकाठच्या आपल्या ३५ या आकड्याशी मात्र त्यांची तुलना करून पाहावी, म्हणजे साधा घर्षणाचा थर आणि महावादळाची हवा यांतले अंतर कळते.

भारतीय उपखंडात असे वळण कुठे मिळते, तर बंगालच्या बाजूला. तिथे मार्च ते मे या महिन्यांत खाली बंगालच्या उपसागरावरून येणारा दमट दक्षिणेचा वारा असतो आणि वर कोरडा, वेगवान पश्चिमेचा. बांगलादेशातील दौलतपूर-साटुरिया भागात २६ एप्रिल १९८९ रोजी आलेल्या टोर्नेडोत सुमारे १३०० माणसे मरण पावल्याचे सांगितले जाते. पश्चिम बंगालमधील जलपाईगुडी जिल्ह्यात मैनागुडीच्या परिसराला ३१ मार्च २०२४ रोजी अशाच वादळाने तडाखा दिला. कोकणात मे महिन्यात ऊर्जा काही कमी नसते, पण खाली समुद्रावरून येणारा वारा पश्चिमेच्या बाजूचा आणि वरचाही बहुधा त्याच बाजूचा, त्यामुळे वळायला फारसा वाव राहत नाही. आपल्या वळवाच्या ढगांचे आयुष्य म्हणून थोडके असते: उसळतात, कोसळतात आणि स्वतःच्याच थंड हवेखाली गुदमरतात. याचा अर्थ ते निरुपद्रवी असतात असा मुळीच नाही. १३ मे २०२४ च्या दुपारी ठाणे, नवी मुंबई आणि मुंबईवर धुळीचे लोट घेऊन आलेला वारा हा ढगातून खाली आदळून पसरलेल्या थंड हवेचा लोंढा होता, आणि त्याच वादळात घाटकोपरला महाकाय फलक कोसळून जीवितहानी झाली. हेलिसिटी ढगाला संघटित आणि दीर्घायुषी करते; सरळ रेषेत सुटलेल्या वाऱ्याला माणसे मारण्यासाठी तिची गरज नसते.

दीर्घायुषी का करते, या प्रश्नापाशी आपण प्रक्षोभाच्या, म्हणजे टर्ब्युलन्सच्या, सिद्धांताशी येऊन पोहोचतो. प्रक्षुब्ध प्रवाहात मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहानांचे आणखी लहान, आणि शेवटी चिकटपणा त्या ऊर्जेची उष्णता करतो. ऊर्जेच्या या उतरंडीचे गणित आंद्रेइ कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये मांडले. उतरंड चालवणारे समीकरणातील पद म्हणजे वेग आणि व्होर्टिसिटी यांचा सदिश गुणाकार. या दोन राशी एकमेकींना समांतर झाल्या तर तो गुणाकार शून्य होतो. असे प्रवाह इटालियन गणिती युजेनिओ बेल्ट्रामी यांच्या नावाने ओळखले जातात, आणि त्यांत हेलिसिटी कमाल असते. डग्लस लिली यांनी १९८६ मध्ये यावरून असा युक्तिवाद केला, की फिरते महावादळ हे बेल्ट्रामी प्रवाहाच्या बरेच जवळ असते, त्यामुळे त्याची ऊर्जा लहान भोवऱ्यांकडे झिरपण्याचा वेग मंदावतो आणि म्हणून ते तासन्‌तास टिकते. रॉबर्ट क्रेक्नन यांनी १९७३ मध्ये हेलिसिटीमुळे उतरंडीला अटकाव होतो हे सैद्धांतिक पातळीवर दाखवले होते, आणि आंद्रे व लेझ्यूर यांच्या १९७७ च्या गणितातही हेलिसिटी असलेला प्रक्षोभ उशिरा विरतो असे आले होते.

हा युक्तिवाद अतिशय देखणा आहे, पण तो अर्धाच खरा आहे असे माझे मत आहे. हेलिसिटीही ऊर्जेबरोबर त्याच उतरंडीवरून खाली जाते, आणि दोहोंचे वर्णपट, म्हणजे लहान-मोठ्या भोवऱ्यांतील त्यांची वाटणी, साधारण सारख्याच उताराने घटतात. याचा परिणाम असा होतो, की भोवरा जितका लहान तितके त्याचे सापेक्ष मळसूत्रपण कमी, जवळजवळ आकाराच्याच प्रमाणात. ढोबळ हिशेब करायचा तर पाच किलोमीटरच्या ऊर्ध्वप्रवाहात सापेक्ष हेलिसिटी, म्हणजे शक्य तितक्या कमाल हेलिसिटीशी तिचे प्रमाण, ०.५ असली, तरी पन्नास मीटरच्या भोवऱ्यापर्यंत ती ०.००५ च उरते. लहान भोवऱ्यांना आपण उजव्या हाताच्या वादळात आहोत की डाव्या, हे जवळपास कळतच नाही, आणि तिथली झीज नेहमीसारखी चालू राहते. वादळ टिकते त्यात दोन गोष्टींचा वाटा मला अधिक मोठा वाटतो: वाऱ्याच्या उंचीनुसार बदलामुळे पाऊस ऊर्ध्वप्रवाहाच्या बाहेर पडतो, त्यामुळे त्याला गुदमरवत नाही, आणि फिरण्यामुळे मधल्या उंचीवर दाब कमी होऊन खालची हवा वर खेचली जाते. हेलिसिटी या दोन्ही गोष्टींची सोबतीण आहे, म्हणून ती अंदाजासाठी उत्तम खूण ठरते. कारण आणि खूण यांतला हा फरक अनेक लेखांत पुसला जातो, तो जपला पाहिजे.

तरीही लिली यांच्या विचाराला एक अनपेक्षित आधार २०१२ मध्ये मिळाला. लुका बिफेराले, स्तेफानो मुसाक्किओ आणि फेदेरिको तोस्की यांनी संगणकावर असा त्रिमितीय प्रवाह चालवला, ज्यात केवळ एकाच हाताच्या लहरी शिल्लक ठेवल्या होत्या. अशा प्रवाहात ऊर्जा खाली जाण्याऐवजी वर चढू लागली, लहान भोवऱ्यांकडून मोठ्यांकडे. म्हणजे त्रिमितीय प्रवाहातली ऊर्जेची उतरंड डाव्या आणि उजव्या मळसूत्रांच्या परस्पर झटापटीवर अवलंबून आहे. निसर्गात एकच हात कधीच शिल्लक राहत नाही, पण हात समसमान नसतील तर उतरंड किती मंदावते, हा प्रश्न त्यामुळे नेमकेपणाने विचारता येऊ लागला.

चक्रीवादळांच्या जन्माशी याचा संबंध जोडण्याचा प्रयत्न त्याआधीच झाला होता. सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या एका गटाने, ज्यात मोइसेयेव्ह आणि सगदेयेव्ह होते, १९८३ मध्ये असे मांडले, की हेलिसिटी असलेला सूक्ष्म प्रक्षोभ आपोआप मोठा भोवरा पोसू शकतो, आणि उष्णकटिबंधीय चक्रीवादळाचे बीज त्यात असावे. आज प्रचलित असलेले चित्र अधिक ठोस आहे: कमी दाबाच्या पट्ट्यात अनेक उंच ढग स्वतंत्रपणे फिरू लागतात, प्रत्येकाचा ऊर्ध्वप्रवाह उजव्या मळसूत्राचा असतो, आणि ते एकत्र येत एक मोठे अभिसरण घडवतात. गलिना लेविना आणि मायकेल माँटगोमेरी यांनी अशा संगणकावरील सादृश्यीकरणांत (सिम्युलेशनमध्ये) हेलिसिटी प्रत्यक्ष मोजून दोन्ही विचारांना जवळ आणले आहे. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेले निसर्ग चक्रीवादळ ज्या अरबी समुद्रात काही दिवसांत उभे राहिले, तिथे अशा लहान फिरत्या ढगांच्या वावराची थेट मोजमापे मिळाली, तर या प्रश्नाचे आपल्या किनाऱ्यापुरते उत्तर मिळू शकेल.

ज्यांना स्वतः गणित करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी सामग्री खुली आहे. सांताक्रूझहून सोडलेल्या फुग्यांच्या नोंदी वायॉमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळतात. भारतीय वेळेप्रमाणे पहाटे साडेपाच आणि सायंकाळी साडेपाच या त्यांच्या ठरलेल्या वेळा आहेत. दर थराचा वेग आणि दिशा घेऊन पूर्व-पश्चिम व दक्षिण-उत्तर घटक काढावेत, त्यांतून वादळाच्या सरकण्याचा अंदाजे वेग वजा करावा, आणि लगतच्या दोन थरांसाठी वरच्या थराचा पूर्व घटक गुणिले खालच्याचा उत्तर घटक, यातून खालच्याचा पूर्व घटक गुणिले वरच्याचा उत्तर घटक वजा करावा. ही सगळी उत्तरे मिळवली की तीच वादळ-सापेक्ष हेलिसिटी. अडचण वादळाच्या वेगाची असते, कारण वादळ अजून जन्मालाच आलेले नसते. त्यासाठी खालच्या सहा किलोमीटरांतील सरासरी वाऱ्यापासून, उंचीनुसार होणाऱ्या बदलाच्या उजव्या बाजूला ७.५ मीटर प्रति सेकंद सरकवण्याची बंकर्स यांची २००० सालची पद्धत वापरतात. आपल्याकडच्या मंद वरच्या वाऱ्यांत ती फार विश्वासार्ह वाटत नाही, म्हणून मी वादळाचे वेग दोन-तीन वेगवेगळे धरून उत्तर किती हलते ते पाहतो. फार हलत असेल तर त्या दिवशीचा आकडा बाजूला ठेवतो. शिवाय फुगा उडतो तो संजय गांधी उद्यानाच्या डोंगरांच्या समुद्राकडील बाजूने, आणि ठाणे आहे डोंगरांच्या पूर्वेला; त्यामुळे खालच्या काहीशे मीटरांतले वळण दोन्हीकडे सारखे असेल असे धरता येत नाही, आणि बेरजेचा मोठा हिस्सा अनेकदा त्याच काहीशे मीटरांतून येतो.